एक शब्द, अनेक मुलूख

दरवर्षी ७ जूनच्या आसपास सूर्य मृग नक्षत्रात जातो आणि परभणी जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीत शेतकऱ्याचे वर्ष सुरू होते. मृग बरसला, मृग कोरडा गेला, मृगावर पेरले, अशी वाक्ये त्या दिवसांत जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत सगळीकडे कानावर पडतात. या वाक्यांतला मृग म्हणजे पावसाचा पहिला पंधरवडा. पहिल्या सरीनंतर मातीतून वर येणाऱ्या मखमली लाल किड्यालाही लोक मृगाचा किडा म्हणतात. पण हाच शब्द हिंदीत गेला की त्याचा अर्थ हरीण होतो, आणि कर्नाटकात, तेलंगणात किंवा तमिळनाडूत गेला की कोणताही पशू, बहुधा रानटी. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयाला कन्नडमध्ये मृगालय म्हणतात. तिथे वाघही आहे आणि जिराफही, आणि कन्नड वाचकाला त्या नावात काहीच वावगे वाटत नाही.

या तिन्ही अर्थांत सर्वांत जुना अर्थ दक्षिणेकडच्या भाषांनी सांभाळला आहे. वैदिक संस्कृतात मृग म्हणजे रानात फिरणारे जनावर. ऋग्वेदात हत्तीचा उल्लेख हात असलेला मृग असा येतो. सिंहाला मृगेंद्र म्हणतात ते हरणांचा राजा म्हणून नव्हे, तर जनावरांचा राजा म्हणून. माकडाला शाखामृग म्हणतात, कारण ते फांद्यांवर राहणारे जनावर. शिकारीसाठी मृगया हा शब्द आला तोही कुठल्याही श्वापदाच्या मागावर जाण्यासाठी. पुढे शिकारीचे नेहमीचे जनावर हरीणच असल्यामुळे अर्थ आकसत हरणावर येऊन थांबला. आकाशातल्या ताऱ्यांच्या एका जुळणीत हरणाचे डोके दिसले म्हणून नक्षत्राला मृगशीर्ष नाव पडले, आणि महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने नक्षत्रावरून पावसाला तेच नाव दिले. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ओरायन’ या ग्रंथात वेदांचा काळ ठरवण्यासाठी याच नक्षत्राचा आधार घेतला होता.

मृगाचा एक चुलतभाऊ इराणात राहिला. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेत मृगाशी जुळणारा जो शब्द आहे त्याचा अर्थ पक्षी. त्यातूनच फारसीत मुर्ग आला. फारसी मुर्ग म्हणजे कोणताही पक्षी. भारतात येईपर्यंत तो कोंबड्यापुरता उरला. म्हणजे एकाच आद्य शब्दाने एका बाजूला रानातले जनावर धरले आणि दुसऱ्या बाजूला आकाशातला पक्षी, आणि पुढे दोन्हीकडे अर्थ अरुंद होत गेला. भाषाशास्त्रज्ञ ज्याला अर्थसंकोच म्हणतात त्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड. हे दोन भाऊ हजारो वर्षांनी मराठीत पुन्हा भेटले, ते शहामृग या शब्दात. त्यातला मृग हरणाचा नाही. तो फारसी मुर्ग आहे. शाह-मुर्ग म्हणजे पक्ष्यांचा राजा. मराठी कानाला मुर्ग अनोळखी आणि मृग ओळखीचा, म्हणून उच्चार ओळखीच्या शब्दाकडे झुकला. हिंदीने याच पक्ष्यासाठी शुतुरमुर्ग, म्हणजे उंटासारखा पक्षी, हा फारसी शब्द जसाच्या तसा ठेवला.

मृगाबरोबर ज्याची वाट पाहिली जाते त्या पावसाचे नावही लांबून आले आहे. अरबीत मौसिम म्हणजे ठरावीक काळ, हंगाम. अरबी समुद्रात जहाजे कधी हाकारायची हे वाऱ्याच्या हंगामावर ठरत असे. खलाशांच्या तोंडचा हा शब्द पोर्तुगिजांनी उचलला, त्यांच्याकडून तो इंग्रजीत गेला आणि इंग्रजीतून मान्सून होऊन मराठीत परतला. मराठीत त्याच्या आधीच फारसीच्या वाटेने आलेला मोसम होता: आंब्याचा मोसम, मोसमी वारे. हिंदी-उर्दूत मौसम म्हणजे हवामान, तुर्कीत मेव्सिम म्हणजे ऋतू. मराठीत मात्र मोसम आणि मान्सून हे एकाच आईचे दोन मुलगे शेजारी नांदतात आणि त्यांची कामे वेगळी आहेत. मोसंबी ऐकायला मोसमाच्या जवळची वाटते, पण तिचा मोसमाशी संबंध नाही. तिचे नाव आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून आले.

खरीप आणि रब्बी या दोन शब्दांशिवाय परभणीत शेतीविषयी एक वाक्यही पुरे होत नाही. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ साली झाली, आणि त्याचे सगळे संशोधन या दोन हंगामांभोवती फिरते. खरिपात कापूस, सोयाबीन, तूर, मूग, उडीद. रब्बीत ज्वारी, हरभरा, करडई, गहू. परभणी मोती, परभणी शक्ती ही ज्वारीच्या वाणांची नावे याच विद्यापीठातून बाहेर पडली. आता खरीप म्हणजे काय, असे कोणालाही विचारले तर उत्तर येते: पावसाळ्यात पेरतात ते. अरबी शब्दकोश काही वेगळेच सांगतो. खरीफ म्हणजे शरद ऋतू, झाडावरची फळे तोडण्याचा काळ. आणि रबी म्हणजे वसंत ऋतू.

शरद आणि वसंत हे शब्द पेरणीला कसे लागू पडले, याचे उत्तर महसुलात आहे. मुसलमानी राजवटींच्या दफ्तरात वर्षाचे दोन भाग पाडले जात ते पीक हाती येण्याच्या वेळेवरून, कारण सरकारचा वाटा तेव्हाच मिळायचा. पावसाळी पीक शरदात निघते म्हणून ते खरीप, हिवाळी पीक वसंताच्या तोंडावर निघते म्हणून ते रब्बी. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हंगाम सुरू होतो तो बी जमिनीत पडते त्या दिवशी. शब्द कचेरीतून शिवारात आला आणि काढणीकडून पेरणीकडे सरकला. शेजारच्या भाषांनी आपापली नावे टिकवली आहेत: कन्नडमध्ये मुंगारू आणि हिंगारू, म्हणजे आधीचा पाऊस आणि नंतरचा पाऊस, आणि तेलंगणात वानाकालम आणि यासंगी.

दूर ओमान देशात सलालाह नावाचे बंदर आहे. अरबस्तानचा बहुतेक भाग कोरडा असला तरी या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे धुके आणि रिमझिम असते, डोंगर हिरवे होतात. तिथले लोक या पावसाळी दिवसांनाच खरीफ म्हणतात. अरबीभाषक असूनही त्यांचा खरीफ कैरोच्या खरीफपेक्षा परभणीच्या खरिपाला जवळचा आहे. एकाच समुद्रावरून येणाऱ्या एकाच वाऱ्याने दोन्ही काठांवर एका शब्दाला सारखे वळण दिले, ही गोष्ट कोशात शोधून सापडणार नाही. ती हवामानात सापडते.

रब्बीच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. इस्लामी पंचांगात रबिउल अव्वल नावाचा महिना येतो. त्याचा शब्दशः अर्थ पहिला वसंत. पण ते पंचांग चांद्र असल्यामुळे हा महिना सगळ्या ऋतूंतून फिरतो, आणि कधी कधी पहिला वसंत ऐन खरिपाच्या पेरणीत येतो. ज्यू धर्मगुरूंना मराठीत रब्बी असेच लिहितात. तो मात्र हिब्रूतला निराळाच शब्द, ज्याच्या मुळाशी मोठा, स्वामी असा अर्थ आहे. कोकणातल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजाच्या बोलण्यात हे दोन्ही रब्बी येऊ शकतात, आणि अक्षरांवरून त्यांच्यात फरक करता येत नाही.

शिवारातून कचेरीत गेले की एका पत्त्यातच बरेच काही दिसते: महसूल विभाग, तहसील कार्यालय, जिल्हा परभणी. यातले तीन शब्द अरबी आहेत आणि तिन्हींनी अर्थ बदलला आहे. जिल्हा हा मुळात अरबी झिल, म्हणजे बरगडी, त्यावरून कुशी, बाजू. राज्याची एक बाजू, एक भाग, म्हणून जिल्हा. तहसील आणि महसूल हे दोन्ही मिळवणे, गोळा होणे अशा अर्थाच्या एकाच धातूपासून आले. महसूल म्हणजे जे गोळा झाले ते. अरबीत आणि तुर्कीत तो शब्द आजही पिकाला, उत्पन्नाला लावतात. इस्तंबूलच्या बाजारात महसूल म्हटले तर डोळ्यांपुढे धान्य आणि फळे येतात. उर्दूत महसूल म्हणजे जकात किंवा टपालखर्च. मराठीत तो सरकारजमा होणारा सारा झाला. शेतात पिकते ते आणि सरकार नेते ते यांना एकच नाव पडावे, यात जुन्या राज्यव्यवस्थेचे सगळे चित्र आहे. त्यात काय हशील, असे मराठी माणूस रोज म्हणतो तेव्हा तोही याच धातूचा शब्द वापरत असतो. वसूल मात्र या कुळातला नाही. तो पोहोचणे अशा अर्थाच्या दुसऱ्या धातूचा.

तहसील म्हणजे गोळा करणे, संपादन करणे. भारतात जे गोळा केले ते पैसे. इराणात जे संपादन केले ती विद्या. तेहरानमध्ये तहसील म्हणजे शिक्षण, आणि तुर्कीतही शिक्षणासाठी तहसिल शब्द चालतो. परभणीत तहसीलला जायचे म्हणजे दाखला, फेरफार किंवा रेशनकार्डाचे काम. तेहरानच्या विद्यार्थ्याला तेच वाक्य अभ्यासाचे वाटेल.

शिक्षणासाठी इतरत्र वापरले जाणारे आणखी दोन शब्द मराठीत आले आणि त्यांनी वेगळेच काम पत्करले. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. गांधीजींच्या शिक्षणयोजनेचे नाव नई तालीम होते. मराठीत तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा, जिथे मल्ल घुमतात, आणि नाटकाचा सराव. ज्ञान देणे या अरबी अर्थातून मराठीने हाताने-अंगाने गिरवायचा भाग उचलला. दुसरा शब्द शिक्षा. हिंदीत आणि बंगालीत त्याचा अर्थ शिक्षण, मराठीत दंड. केंद्र सरकारची सर्व शिक्षा अभियान ही योजना २००१ च्या सुमारास महाराष्ट्रात त्याच नावाने आली, आणि शाळांच्या भिंतींवर ते नाव रंगवले गेले. मराठी शब्दार्थाप्रमाणे त्या नावातून शिक्षण हा अर्थ निघत नव्हता. राष्ट्रीय योजनांची नावे ठरवताना प्रत्येक भाषेत एकदा वाचून पाहिली जावीत, एवढी अपेक्षा यावरून नक्कीच करता येते.

यात मराठी एकटी नाही. कन्नडमध्ये शिक्षे, तेलुगूत शिक्ष आणि गुजरातीत शिक्षा म्हणजे दंडच. शिकवण्यासाठी या सगळ्या भाषांत शिक्षण किंवा त्याचे जवळचे रूप आहे. मराठवाड्याच्या दोन्ही बाजूंच्या भाषा या बाबतीत मराठीबरोबर उभ्या आहेत. संस्कृत धातू शिक्ष् हा शक् या धातूचे इच्छार्थक रूप मानतात: समर्थ होण्याची इच्छा धरणे. वेदांगांतले शिक्षा हे अंग उच्चारशास्त्राचे. समर्थ होण्याच्या इच्छेपासून दंडापर्यंतचा प्रवास लांबचा वाटतो, पण धडा शिकवीन, असे मराठीत कोणी रागाने म्हणतो तेव्हा हे अंतर एका वाक्यात पार होते. शिस्त लावणे आणि शासन करणे यांच्या सीमा जुन्या शाळेत धूसर होत्या, आणि शब्दाने ती आठवण जपली.

हे अरबी-फारसी शब्द इथे इतके मुरले याला काळही तेवढाच कारण आहे. बहमनी, निजामशाही, मोगल आणि अखेरीस १७२४ पासून हैदराबादचे निजाम अशा राजवटी या भागावर होत्या. १८८० च्या दशकात हैदराबाद संस्थानाच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यमही उर्दू होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. पुणे-सातारा भागाने पेशवाईनंतर इंग्रजी आणि मोडीचा कारभार पाहिला, त्या काळात परभणीची खाती, पावत्या आणि निवाडे आधी फारसीत आणि पुढे उर्दूत लिहिले जात होते. जमिनीच्या दाव्यांत आजही फसली सनातले कागद निघतात. फस्ल म्हणजे अरबीत तुकडा, भाग, पुस्तकाचे प्रकरण, फारसी-उर्दूत ऋतू, हिंदीत पीक. पिकांच्या हिशेबाचे वर्ष ते फसली. हैदराबादच्या जमीन महसूल कायद्याचे साल १३१७ फसली असे आहे. त्यात ५९० मिळवले की १९०७ हे इसवी साल हाती येते. ही बेरीज ठाऊक नसेल तर कागदावरचा आकडा सातशे वर्षांपूर्वीचा वाटू शकतो.

कागदपत्रांतला सर्वांत फसवा शब्द राजीनामा. फारसीत राजी म्हणजे तयार, संतुष्ट; नामा म्हणजे लेख. राजीनामा म्हणजे संमतीचा लेख. उत्तर भारतातल्या कोर्टांत आजही दोन्ही पक्षांनी तडजोड केली की तिला राजीनामा म्हणतात, आणि नोकरी सोडण्यासाठी तिथे इस्तीफा हा वेगळा शब्द आहे. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणे. कन्नड आणि तेलुगूतही तोच अर्थ. संमतीचा लेख सोडचिठ्ठी कसा झाला, याचा धागा जमिनीच्या व्यवहारात मिळतो. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीत एखाद्या कुणब्याला जमीन सोडायची असेल तर तो आपण राजीखुशीने सोडतो असे लिहून देई, तो राजीनामा. ज्याला ती हवी असे तो सारा भरण्याचे कबूल करून देई, ती कबुलायत. दोन्ही कागद जोडीने होत. जमीन सोडण्याच्या कागदाचे नाव पुढे पद सोडण्याच्या कागदाला चिकटले आणि संमती मागे राहून सोडणे पुढे आले. एकच शब्द नागपूरच्या पलीकडे तडजोड सांगतो आणि अलीकडे निघून जाणे, म्हणून भाषांतर करणाऱ्याने इथे दोनदा थांबलेले बरे.

परभणी शहरातला हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस फेब्रुवारीत भरतो. दर्ग्याला हिंदू-मुसलमान दोघेही येतात, दुकाने लागतात, पाळणे उभे राहतात. अरबीत उर्स म्हणजे लग्न, आणि फारसीत अरूस म्हणजे नवरी. इराणात लग्नसमारंभाला अरूसी म्हणतात. भारतात उर्स म्हणजे सूफी संताची पुण्यतिथी. लग्न आणि मृत्यू यांना एकच शब्द मिळाला तो सूफी विचारामुळे: संताचा मृत्यू म्हणजे जिवाचे परमेश्वराशी मीलन. त्या मृत्यूला सूफी लोक विसाल, म्हणजे भेट, म्हणतात. पोहोचणे हा अर्थ असलेला जो धातू कचेरीत वसूल झाला, तोच इथे विसाल आहे. मराठीने उरूस घेतला आणि तिसरा अर्थ दिला: जत्रा. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे गावच्या ग्रामदैवताच्या यात्रेलाही उरूस म्हणतात आणि त्यात कोणालाही धर्माचा प्रश्न पडत नाही. संस्कृत समाधीचेही असेच झाले. योगशास्त्रात ती चित्ताची अवस्था. मराठीत ती दगडी ओटा, वृंदावन, जिथे फुले वाहतात.

गंगाखेड हे गोदावरीच्या काठचे गाव. संत जनाबाईंचे जन्मगाव म्हणून वारकऱ्यांना ते ठाऊक असते. गोदावरी तिथून वाहते आणि गावाच्या नावात गंगा आहे, कारण मराठवाड्यातल्या काठच्या लोकांसाठी गोदावरी हीच गंगा. गंगेला पाणी आले, गंगेवर गेले होते, हे बोलणे हरिद्वारविषयी नसते. महानुभाव वाङ्मयात गोदाकाठाला गंगातीर म्हटले आहे, आणि काठचा सुपीक पट्टा गंगथडी म्हणून ओळखला जातो. हा केवळ भक्तीचा भाग म्हणून सोडून देता येत नाही. श्रीलंकेत सिंहली भाषेत गंगा म्हणजे कुठलीही नदी: महावेली गंगा, केलनी गंगा ही तिथल्या नद्यांची नावे आहेत. बंगालीतही गाङ हा शब्द नदीसाठी वापरतात. संस्कृत वैयाकरणांनी गंगेची व्युत्पत्ती गम् म्हणजे जाणे या धातूवरून लावली. जी जात राहते ती. या अर्थाने पाहिले तर गंगाखेडच्या माणसाने गोदावरीला गंगा म्हणणे शब्दाच्या मुळाला धरूनच आहे. मराठीने या शब्दापासून आणखी दोन घरगुती वस्तू केल्या. आंघोळीचे पाणी ज्यात काढतात ते गंगाळ, आणि गंगेचे पाणी जपून ठेवायची गंगाजळी. जपून ठेवणे एवढाच अर्थ उरून आज रिझर्व्ह बँकेकडे परकीय चलनाची गंगाजळी असते.

आतापर्यंतच्या बहुतेक शब्दांना मूळ एक आणि अर्थ अनेक आहेत. उलट प्रकारही बोलण्यात रोज भेटतो: आवाज एक आणि मुळे वेगळी. परभणीच्या मोंढ्यात ट्रक खाली करा, असे सांगितले तर हमाल पोती उतरवतो. हा खाली अरबी आहे, त्याचा अर्थ रिकामा. अरबस्तानातल्या रुब अल खाली या प्रचंड वाळवंटाच्या नावात तोच आहे, आणि तबल्याच्या ठेक्यातली खाली तीच. पण पोते खाली ठेवा, यातला खाली मराठीचा. तो सखल भागाला खाल म्हणत त्यातून आला. कोकणात समुद्राकडच्या सखल पट्टीला खालाटी म्हणतात. ट्रक खाली होतो तेव्हा माल खाली येतो, त्यामुळे दोन्ही अर्थ एकाच हालचालीत मिसळतात आणि बोलणाऱ्याला दोन शब्द वापरल्याचे कळतही नाही.

रान हाही असाच. मराठवाड्यात रानात गेला म्हणजे आपल्या शेतात गेला. रान नांगरायचे, रान तयार करायचे. इतरत्र मराठीत रान म्हणजे जंगल. दोन्हींचे मूळ संस्कृत अरण्य. जिथे अरण्य तोडून शेते झाली तिथे नाव मात्र तेच राहिले असावे, असे मानायला जागा आहे. कच्छचे रण निराळे. त्याचा संबंध खाऱ्या, ओसाड जमिनीला असलेल्या इरिण या संस्कृत शब्दाशी जोडतात. लढाईचे रण तिसरे. आणि हॉटेलातल्या पदार्थांच्या यादीतले मटणाचे रान फारसी. त्या भाषेत रान म्हणजे मांडी. सातबाऱ्यावर ज्याची नोंद होते ते पीक मराठीत पिकणे या क्रियापदापासून, म्हणजे संस्कृत पक्वपासून आले. हिंदीत पीक म्हणजे पानाची थुंकी, संस्कृतात पिक म्हणजे कोकीळ. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली सुरू केलेली ई-पीक पाहणी हिंदीभाषक अधिकाऱ्याला म्हणूनच समजावून सांगावी लागते.

नात्यांच्या शब्दांत जपून पाऊल टाकावे लागते. ताई मराठीत थोरली बहीण, कन्नड-तमिळमध्ये तायी म्हणजे आई, हिंदीत ताई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. दादा मराठीत आणि बंगालीत थोरला भाऊ, हिंदीत आजोबा. बाबा मराठीत आणि तुर्कीत वडील. मूल बोलायला लागते तेव्हा ओठांना आणि जिभेला सोपे असलेले तेच ते आवाज सगळीकडे येतात, आणि प्रत्येक घर ते आवाज जवळच्या माणसाला वाटून देते. म्हणून ताई आणि तायी यांच्यात देवघेव झाली असेलही, पण निव्वळ साम्यावरून तसे म्हणता येत नाही. बाहेरच्या साम्यावर भाळून व्युत्पत्ती सांगण्याची हौस मराठीत फार आहे. शब्दाचा प्रवास कागदपत्रांतून, जुन्या उच्चारांतून आणि शेजारच्या भाषांतून दिसला तरच तिच्यावर विश्वास ठेवावा.

परके शब्द काढून टाकण्याचा प्रयत्न मराठीत फार पूर्वी झाला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सुमारे १६७७ साली राजव्यवहारकोश तयार झाला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. पेशव्याला मुख्य प्रधान, मुजुमदाराला अमात्य म्हणू लागले. पुढच्या शतकात पेशवा हाच शब्द टिकला, आणि खरीप, रब्बी, वसूल, तालुका यांना तर कोणी हलवू शकले नाही. १९२५ साली माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन यांनी फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा मराठीत किती फारसी आहे हे एकत्र दिसले. परभणीच्या शेतकऱ्याने ज्याला पेरणीचा अर्थ दिला तो खरीप अरबांचा राहिलेला नाही. तो अर्थ चुकीचा किंवा अपभ्रष्ट ठरवण्याचा अधिकार कैरोच्या कोशालाही नाही.

देणे फक्त एका बाजूने झाले नाही. परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगरपासून हैदराबादपर्यंत बोलल्या जाणाऱ्या दक्खनी उर्दूत नक्को हा शब्द जागोजागी येतो. तो मराठीचा नको आहे. उत्तरेकडच्या उर्दूत त्या ठिकाणी मत किंवा नहीं येते, आणि लखनौचा माणूस नक्को ऐकताच समोरचा दख्खनचा आहे हे ओळखतो. मराठीतला जोर देणारा ‘च’ही दक्खनीने घेतला: ऐसाच, वोइच, येइच. परभणीच्या नावाने प्रसिद्ध असलेली म्हण, बनी तो बनी नहीं तो परभणी, याच मिश्र बोलीतली. तिचे यमक जुळते ते हिंदुस्तानी क्रियापद आणि मराठी गावाचे नाव शेजारी आल्यामुळे. मराठीचे शब्द समुद्रापलीकडेही गेले. मुंगूस इंग्रजीत गेले ते मराठीतूनच, आणि इंग्रजी कोश आजही त्या प्राण्याच्या नावापुढे मूळ भाषा म्हणून मराठीचे नाव देतात.